साठीच्या आदल्या दिवसाचं बुकिंग

एक जूनला सरकारनं आमच्या मंडळींना साठ वर्षांची करून टाकलं. त्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे एकतीस मेला, रविवारी, सुट्टीतल्या सगळ्यात जास्त गर्दीच्या दिवशी, आम्ही सगळं घर घेऊन तिकडं पुण्याच्या पलीकडच्या पार्कात गेलो. गावात अजून लोक मला अडवून विचारतात, "सयाजीराव, दुसरा दिवस मिळाला न्हाय काय तुमास्नी?" मिळत होता की. ढीगभर मिळत होते. सुनेनं वहीत तक्ता आखून ठेवला होता. पण आमच्या मंडळींना, म्हणजे माझ्या बायकोला, झुंबरला, तोच दिवस पाहिजे होता. का, ते सांगायला मी हे लिहायला बसलोय. माझं शिक्षण सातवी, तेही कोडोलीच्या शाळेत, आणि एक सांगताना मला दुसरं आठवतं. तेवढं सांभाळून घ्या.

झुंबरबाई मूळची मुरगूडची. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई म्हणाली, पोरगी बोलत न्हाय, गरीब दिसते. आई पुढं पंचवीस वर्षं जगली आणि पंचवीस वर्षं त्या वाक्यावर हसली. एकच गोष्ट सांगतो. गावातल्या एका डेअरीत, नाव नको, आमच्या दुधाला रोज फॅट कमी लागायला लागली. झुंबरनं दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी सकाळी कॅन घरीच ठेवला आणि म्हशीला दाव्याला धरून थेट डेअरीच्या दारात नेली. रांगेतल्या सगळ्यांसमोर खाली बसून धार काढली, आणि तांब्या मशीनवाल्याच्या हातात दिला. "ह्यात मी पाणी कुठं घातलं ते दावा." त्या दिवसापासून आमची फॅट बरोबर लागायला लागली. शेजारच्यांचीही लागायला लागली, ते वेगळंच. पुढं चाळिशीत ती एम-एटी गाडी चालवायला शिकली, कॅनसकट दोनदा ओढ्यात पडली, आणि दोन्ही वेळा "दूध सांडलं, मी न्हाय" म्हणत वर आली. तर अशी ही बाई. एखादी गोष्ट करायची ठरली की तिला मागं ओढायला चार बैल लागतात, आणि आमच्याकडं आता दोनच आहेत.

पार्कचं खूळ आलं ते आमच्या नातीच्या फोनमधून. तेजस्वी दहा वर्षांची. तिनं आजीला एक पाळणा दाखवला. पाळणा कसला, रुळावरची गाडीच ती. वर चढते, थांबते, आणि मग माणसांना उलटी टांगून खाली सोडते. त्याचं इंग्रजी नाव मला लिहिता येणार नाही, आम्ही त्याला उलटा पाळणा म्हणतो. झुंबरनं ते तीनदा बघितलं आणि विचारलं, "ह्यात बसाय देत्यात?"

"बारा वर्षांखालचं पोरगं आसंल तर शेजारी मोठं माणूस पायजे," तेजस्वी म्हणाली. "पप्पा बसणार न्हाईत."

आमचा अमरसिंह शिरोलीत फौंड्रीत कामाला आहे. तापलेल्या लोखंडासमोर आठ तास उभा राहतो, पण आंबा घाटात एसटीनं दुसरं वळण घेतलं की त्याला पिशवी लागते. सून अनुजा कॉलेजच्या लायब्ररीत असते, तिच्या मानेला पट्टा. मी तर तेव्हाच साठी ओलांडलेली.

"मी बसतो की तुझ्याजवळ," झुंबर म्हणाली. आमच्याकडं बायकाही असंच बोलतात. "वचान."

हे झालं चार वर्षांपूर्वी. पोरगी तेव्हा सहाची होती, तिला उंचीच्या पट्टीनं अडवलं असतं. पण नंतरची वर्षं आम्ही घालवली, ती आमच्या कर्मानं. शहरातली माणसं दोन बोटांनी बुकिंग करतात. आमचं तसं नसतं. आधी ऊस गेला पाहिजे. ऊस गेला की जोतिबाची यात्रा येते, यात्रा झाली की लग्नं लागतात, लग्नं संपली की नांगरट आणि पेरणी, मग भाताची लावण, मग गौरी-गणपती. दिवाळीत जावं तर पुन्हा तोडकरी दारात उभे. त्यातून एखादा आठवडा मोकळा सापडलाच तर म्हैस विते. एका वर्षी ऊस मार्चअखेरपर्यंत रानातच उभा राहिला. दुसऱ्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. तिसऱ्या वर्षी काहीच निघालं नाही, तेव्हा अमरसिंह नुसताच म्हणाला, "पुढल्या वर्षी जाऊया आई." झुंबर काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मी गोठ्यात जाऊन बसतो.

यंदा अनुजानं सूत्रं हातात घेतली. लायब्ररीतली बाई, प्रत्येक गोष्टीचा तक्ता करते. एका रविवारी जेवण झाल्यावर तिनं वही उघडली.

"मामा, आत्ती, नीट ऐका. पार्कला शनिवार-रविवार जायचं न्हाय. एकेका पाळण्याला दोन-दोन तास रांग लागते. मे महिन्यात तर अजिबात न्हाय, सगळी मुंबई तिथं असते. पावसाळ्यात जोराचा वारा सुटला की मोठे पाळणे बंद ठेवतात. आपल्या पोरांची शाळा पंधरा जूनच्या पुढं सुरू होते, आणि कर्नाटकातल्या शाळा एक जूनलाच भरतात. म्हंजे जूनचा पहिला पंधरवडा. गर्दी कमी, तिकीट कमी. त्यातला मंगळवार घ्यायचा. नऊ जून."

मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. आमच्या घराण्यात बैल घेतानासुद्धा एवढा विचार कुणी केला नव्हता. झुंबर म्हणाली, "मंगळवार तर मंगळवार." अमरसिंहनं कामावर रजा टाकली. तेजस्वीनं कॅलेंडरवर नऊ तारखेला लाल गोल काढला. अनुजानं फोनवर बुकिंग केलं, आणि आम्ही सगळे निवांत झालो.

तीन दिवसांनी संध्याकाळी अनुजा फोन हातात घेऊन गोठ्यात आली. झुंबर धारेला बसली होती.

"आत्ती, तुमचा वाढदिवस एक जूनलाच न्हवं?"

"आधारावर हाय खरा."

"सहासष्ट सालचा?"

"व्हय की. का?"

अनुजानं फोन पुढं धरला. मग हळूच म्हणाली, "पार्कच्या नियमात खाली बारीक अक्षरात लिहिलंय. साठ वर्षं पूर्ण झालेल्यांना उलट्या पाळण्यात बसता येणार न्हाय. आपुन जाणार नऊ जूनला. तुमास्नी साठ पूर्ण होणार एक तारखेला."

धारेचा आवाज थांबला. म्हशीनंसुद्धा मागं वळून बघितलं.

आता हे एक जूनचं प्रकरण सांगायलाच पाहिजे. आमच्या पिढीत जन्मतारीख कुणाला ठाऊक नसायची. आई शाळेत घेऊन जायची, मास्तर विचारायचे कवा जन्मला, आई म्हणायची, "सुगी चालू व्हती." सुगी रजिस्टरात लिहिता येत नाही. मग मास्तर पोराला डोक्यावरून हात घालून पलीकडचा कान धरायला लावायचे, हात पोचला की पोरगं सहा वर्षांचं, आणि तारीख ठोकून द्यायचे एक जून. मी एक जून. माझा धाकटा भाऊ एक जून. आमच्या गल्लीत एकाच घरातल्या सख्ख्या जावा दोघी एक जून. पेन्शनच्या ऑफिसात एका साहेबानं माझ्या दोस्ताला विचारलं होतं, "तुमच्या गावात बाकीचे अकरा महिने काय करतात?" आम्ही ते हसण्यावारी नेलं. आजवर त्या तारखेनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. आता पहिल्यांदाच बिघडवलं, आणि तेही आठ दिवसांनी.

त्या संध्याकाळी तेजस्वी जेवली नाही. "आज्जी न्हाय तर मी कशी बसू?" एवढंच म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

झुंबर मात्र तापली. "मी बेंदराला जन्मलो. आक्काला विचारा. बेंदूर अजून महिनाभर लांब हाय. मी साठची झालोच न्हाय तर मला कोण साठची करणार?" बेंदूर म्हणजे आमच्याकडचा बैलपोळा.

"अगं, पण कागद..."

"कागद बदलून आणतो."

दोन दिवसांनी आम्ही एसटीनं मुरगूडला गेलो. तिची थोरली बहीण, आक्का, तिथंच असते. पंच्याहत्तरीची, कानानं थोडी कमी, पण आवाज असा की स्टँडवर उतरल्याबरोबर ऐकू येईल. तिला घेऊन आम्ही शाळेत. शाळेला सुट्टी, पण मुख्याध्यापक बाई काही कामाला आल्या होत्या. तरुण, हसऱ्या. त्यांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं, धूळ झटकली आणि पान उघडलं. एका पानावर एकोणीस पोरं, आणि एकोणीसच्या एकोणीस एक जूनला जन्मलेली. मास्तरांनी एका बैठकीत अख्खा वर्ग जन्माला घातला होता.

आक्का पुढं सरसावली. "बाय, मी सांगतो. बेंदराचा दिस. मी आन आबा बैलाच्या शिंगास्नी हिंगूळ लावत हुतो. आतनं आईनं हाक मारली. आबांनी लाल हातानंच हिंगळाचं भांडं खाली ठेवलं आन सुईणीला आणाय पळालं. ही काळीसावळी, डोक्यावर एवढं केस."

बाई हसल्या. "आजी, मला पटतंय हो. पण तारीख बदलायला लेखी पुरावा लागतो. जन्माची नोंद, दवाखान्याचा कागद, काहीतरी."

"आक्काच्या मांडीवर मी वाढलो," झुंबर म्हणाली, "आन आक्का पुरावा न्हाय? ज्या मास्तरांनी मला कान धराय लावला, त्येंचा पुरावा खरा?"

"माझ्या हातात नाही हो."

"तुमच्या हातात न्हाय ते दिसतंयच. कुणाच्या हातात हाय तेवढं सांगा."

बाईंनी सांगितलं. तालुक्याचं ऑफिस, प्रतिज्ञापत्र, मग जिल्हा, मग आधार केंद्र. सहा महिने तरी. आक्का मोठ्यानं म्हणाली, "तवर तर ही खरंच साठची व्हईल की!"

परतीच्या एसटीत झुंबर खिडकीला डोकं लावून बसली होती. निपाणीकडं जाणारा रस्ता मागं पडला, कागल आलं, तरी नजर बाहेरच. मला वाटलं, सोडला नाद. मी समजुतीनं म्हणालो, "जाऊदे. दुसऱ्या पाळण्यात बसू की. घोडं असत्यात, बोट असती..."

तिनं माझ्याकडं असं बघितलं की कंडक्टर दोन सीट मागं सरकला.

"कागद सरकत न्हाय न्हवं?" ती म्हणाली. "मग आपुन सरकायचं. एक तारखेच्या आत जायचं."

घरी येऊन तिनं अनुजाला वही काढायला लावली. तारीख होती बावीस मे. अनुजानं कपाळाला हात लावला. "आत्ती, ह्यो सगळ्यात वाईट आठवडा हाय. मी तक्त्यात ह्या आठवड्यावर फुली मारलीय."

"मार की. फुलीवरच जाऊया."

आता अडचणी मोजा. आमची मोठी म्हैस, काशी, झुंबरशिवाय कुणाला धार काढू देत नाही. मी गेलो तर पान्हा चोरते, अमरसिंह गेला तर लाथ घालते. ती जवळ येऊ देते अशी दुसरी एकच बाई, शेजारची जरीना. जरीना शिवणकाम करते, आणि यंदा बकरी ईद मेच्या शेवटच्या आठवड्यात. तिच्या मशीनवर कापडाचा हा डोंगर.

"ताई, ईद हुईस्तवर मला श्वास घ्यायला वेळ न्हाय," जरीना म्हणाली. "ईद झाली की तुमी म्हनाल त्या दिवशी."

म्हणजे ईदच्या आधीचे दिवस गेले. अमरसिंहची सुट्टी सोमवारची, त्याला लागून एक दिवस रजा मिळत होती. ईदनंतरचा सोमवार शोधला तर तो नेमका एक जून. अनुजानं तारखेवर बोट ठेवलं आणि आम्ही सगळे त्या बोटाकडं बघत बसलो. सोमवारी गेलो असतो तर गर्दी कमी, तिकीट कमी, सगळं तक्त्याप्रमाणं. फक्त झुंबर त्या दिवशी सकाळी साठची होऊन उठणार.

"मग आदल्या दिवशी," झुंबर म्हणाली.

"आदल्या दिवशी रविवार हाय आत्ती! मेचा शेवटचा रविवार. ह्याच्यापेक्षा वाईट दिवस सगळ्या तक्त्यात न्हाय. मुंगीला पाय ठेवाय जागा नसते."

"मुंगी कशाला येतीय? आपुन जाऊया."

अमरसिंहनं शेवटचा प्रयत्न केला. "आई, एवढं काय पेटलंय? पुढल्या..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही. आईनं नुसती भुवई वर केली होती.

तारीख बदलून मिळाली. फरक भरला. आणि मग अनुजाला नियमांत आणखी एक ओळ सापडली. साडी नेसून पाळण्यात बसता येणार नाही, पदर अडकतो. ती बिचारी सांगायला घाबरत होती. झुंबर हसली. "एवढंच हुतं व्हय!" आणि चपला घालून जरीनाकडं गेली. ईद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी जरीनानं तिच्यासाठी निळा पंजाबी ड्रेस शिवून दिला. साठ वर्षांत, चुकलो, एकोणसाठ वर्षांत, माझ्या बायकोनं लुगडं आणि साडी सोडून अंगाला काही लावलं नव्हतं. ती अंगणात येऊन उभी राहिली तेव्हा मी ओळखलंच नाही. म्हणालो, "या पावणं, कुणाकडं आलासा?"

"तुमच्याकडं न्हाय," ती म्हणाली.

इकडं काशीसाठी तोड काढावी लागली. म्हैस माणसाला वासानं आणि कपड्यानं ओळखते. म्हणून झुंबरनं आपली रोजची धारेची साडी, न धुतलेली, जरीनाला दिली. शनिवारी संध्याकाळी जरीना ती साडी नेसून, डोक्यावरून पदर घेऊन गोठ्यात बसली. काशीनं एकदा हुंगलं आणि पान्हा सोडला. जरीनाचा नवरा कुतुबुद्दीन दारात उभा राहून कपाळावर हात मारत होता. "सयाजीभाऊ, म्हातारपनात काय चाललंय हे? तुमची माझ्या बायकोच्या कपड्यात, माझी तुमच्या बायकोच्या!" अख्खी गल्ली हसत होती. गल्लीतली एक बाई म्हणालीच, "ह्या वयात कसली हौस बाई!" झुंबर भाड्याच्या गाडीत बसता बसता तिला म्हणाली, "ह्याच वयातली. दुसरं वय उद्या-परवा सुरू हुतंय."

रात्री पुण्यात अनुजाच्या भावाकडं मुक्काम केला आणि सकाळी पार्कात. अनुजाचा तक्ता शंभर टक्के खरा निघाला. जोतिबाला चैत्रात असते तशी गर्दी, फक्त गुलाल नव्हता. ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. उलट्या पाळण्याच्या रांगेला शेवटच सापडेना. माझी आणि अनुजाची जागा कठड्याच्या बाहेर, पिशव्या आणि चपला सांभाळायला. अमरसिंह पाळण्याकडं एकदा वर बघून सावलीला जाऊन आडवा झाला. झुंबर आणि तेजस्वी रांगेत. दहाला लागल्या, त्या बारा वाजून गेल्यावर फाटकाशी पोचल्या. मी कठड्याला चिकटून उभा होतो, त्यामुळं पुढचं सगळं कानानं ऐकलंय.

फाटकावर टोपी घातलेली एक मुलगी कार्ड बघत होती. तिनं झुंबरचं आधार हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, आणि म्हणाली, "सॉरी आजी, तुम्हाला नाही सोडता येणार. जन्मसाल सहासष्ट आहे. साठ झाली तुम्हाला."

"कवा झाली?"

"या वर्षी."

"ह्या वर्षात कवा? तारीख वाच की बाय."

"एक जून."

"आज काय हाय?"

मुलीनं फोन बघितला. "एकतीस मे."

"मग उद्याचं आज कशाला करतीस?"

"अहो आजी, एका दिवसानं काय फरक पडतो?"

"फरक पडत न्हाय?" झुंबर म्हणाली. "बरं. मग मी उद्या आलो आसतो तर सोडली आसतीस?"

"उद्या? नाही."

"मग पडतोय की फरक!"

रांगेत मागं हशा पिकला. मुलगी गोंधळली, तिनं साहेबांना बोलावलं. साहेब टाय लावून आले, घाम पुसत. त्यांनी झुंबरला बाजूला व्हायला सांगितलं. झुंबर बाजूला झाली नाही. तिनं एका हातानं फाटकाचा खांब धरला आणि दुसऱ्या हातानं तेजस्वीला. पोरीचे डोळे भरले होते.  एवढं सगळं करून आता झुंबर पोरीला काय तोंड दाखवणार?

"हे पाहा आजी, आमच्या सिस्टीममध्ये नुसतं साल धरलं जातं," साहेब म्हणाले.

"सिस्टीम ऱ्हाऊदे पावणं, तुमी बोर्ड वाचा. मोठ्यांदा वाचा, मागच्यास्नी पण ऐकू जाऊदे."

साहेबांनी मोठ्यानं नाही, पण वाचला. साठ वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तींना प्रवेश नाही.

"माझी पूर्ण झाली?"

साहेब बोटावर मोजायला लागले. मला त्यांची दया आली.

"खरं तर मी बेंदराची," झुंबर म्हणाली, "पर ते मी तुमास्नी सांगत न्हाय. तुमच्याच कागदावर चाला. सरकार म्हणतंय उद्या. गावातनं इथवर तीनशे किलोमीटर आलो. आयुष्यात पहिल्यांदा सलवार घातली. माझी साडी शेजारनीला नेसवून म्हशीपुढं बसवली. ते सगळं ह्या एका दिवसासाठी. आन तुमी म्हणताय एका दिवसानं काय हुतंय!"

"म्हशीपुढं कोणाला बसवलं?" साहेबांनी विचारलं.

"ते तुमाला कळणार न्हाय. तुमी फाटक उघडा."

मागून कुणीतरी ओरडलं, "साहेब, सोडा की आजीला, आम्ही उन्हात वाळलो!" आणखी दहाजण ओरडले. साहेबांनी बीपी विचारलं. झुंबर म्हणाली, "मोजा की. तुमचंच जास्त निघंल." मग त्यांनी कुणाला तरी फोन लावला, बराच वेळ हं-हं केलं, एक कागद आणला आणि स्वतःच्या जबाबदारीवर बसते म्हणून सही मागितली. झुंबरनं सगळा कागद वाचला, मग सही केली. साखळी बाजूला झाली.

गाडी वर चढली तेव्हा मला खालून फक्त निळा ठिपका दिसत होता. ती टोकाला जाऊन थांबली. मग काय झालं ते मी बघितलं नाही, कारण मी चपलांकडं बघत होतो. वरून एकच आरडाओरडा, लोखंडाचा खडखडाट, आणि दोन मिनिटांत सगळं शांत.

झुंबर बाहेर आली ती तेजस्वीच्या खांद्यावर हात टाकून. चेहरा पांढराफटक. केसांचा अंबाडा सुटून पाठीवर. अनुजानं पाण्याची बाटली पुढं केली. तेजस्वी मात्र उड्या मारत होती. "आबा! आज्जीनं सगळ्या शिव्या दिल्या! आमच्या पुढच्या सीटवरच्या काकांनी मागं वळून नमस्कार केला!"

"कसं हुतं?" मी विचारलं.

झुंबर बाकावर बसली. आजूबाजूला बघून घेतलं. मग हळू आवाजात, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाली, "मला म्हायती न्हाय."

"म्हंजे?"

"डोळं मिटलंतं की! वर थांबली न्हवं गाडी, तवाच मिटलं. उघडलं ते खाली आल्यावर. काय बघितलंच न्हाय."

मी एवढा हसलो की माझ्या हातातल्या पिशव्या खाली पडल्या. म्हशीला डेअरीत नेणारी, ओढ्यातून हसत वर येणारी माझी बायको, आणि डोळे मिटले! तिनं माझ्या हसण्याकडं लक्ष दिलं नाही. पाणी प्याली, अंबाडा घट्ट बांधला आणि उभी राहिली.

"तेजे, चल. परत."

"आई!" अमरसिंह सावलीतून उठून आला. "परत दोन-अडीच तास रांग हाय. सहाला बंद करत्यात. झालं की आता एकदा."

"झालं कुठं? डोळं मिटून बसल्यालं बसणं न्हवं ते. आन उद्या मला कोण सोडणार हाय?"

अमरसिंह परत सावलीला गेला. त्या दोघी पुन्हा रांगेच्या शेपटाकडं गेल्या. शेपूट आता पहिल्यापेक्षा लांब झालं होतं. मी आणि अनुजा कठड्याजवळ उभे राहून राहून थकलो. तिची मान दुखायला लागली, ती अमरसिंहशेजारी सावलीला जाऊन बसली. मी पिशव्या घेऊन जरा लांब, झाडाखालच्या बाकावर गेलो. मला दोन वर्षांपासून साखर आहे. डॉक्टरांनी बजावलंय, आणि झुंबर घरात साखरेचा डबा माझ्या हाताला लागेल अशा जागी ठेवत नाही. बाकासमोर एक कुल्फीवाला होता. ऊन मी म्हणत होतं. घरातलं कुणी आसपास नव्हतं. पुढचं मी लिहीत नाही.

पावणेचारला त्या फाटकाशी पोचल्या, असं तेजस्वीनं नंतर सांगितलं. टोपीवाल्या मुलीनं कार्ड मागितलंच नाही. नुसती म्हणाली, "आजी, परत?" झुंबर म्हणाली, "आज हाय तवर." मुलीनं साखळी काढली, आणि दोघींना अगदी पुढची सीट दिली.

या वेळी गाडी सुटली तेव्हा मी बाकावरून मान वर करून बघत होतो. निळा ठिपका टोकाला थांबला, उलटा झाला, आणि खाली कोसळला. आरडाओरड झाली, पण शिव्या ऐकू आल्या नाहीत. त्या बाहेर आल्या तेव्हा झुंबरची मान ताठ होती, अंबाडा जागेवर, आणि तोंडावर असं हसू की लग्नात अंतरपाट बाजूला झाला तेव्हासुद्धा मी ते बघितलं नव्हतं.

"बघितलंस?" मी विचारलं.

"सगळं बघितलं. ह्ये मोठं तळं, त्येच्या पलीकडं हायवे, गाड्या मुंगीएवढ्या. त्येच्या मागं डोंगर. माणसांची डोस्की नुसती बाजरी पसरल्यावानी."

ती माझ्याशेजारी बाकावर बसली, माझ्या मांडीवरची पिशवी उचलून बाजूला ठेवली, आणि पिशवीखाली लपवलेल्या काड्या हातात घेतल्या.

"आन दोन कुल्फ्या. त्या पण बघितल्या."